पाऊस किती पडला, एवढेच नको. पाणी किती तासांत पोहोचेल, तेही विचारा

जून लागला की आपल्या मोबाईलवर त्याच त्या शब्दांची ये-जा सुरू होते. यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. मुसळधार, अतिमुसळधार, अतिवृष्टी. सोबत मिलिमीटरचे आकडे. घरातले वडीलधारे विचारतात, "किती पाऊस सांगितलाय?" आपण आकडा वाचून दाखवतो. तो ऐकून ना त्यांना काही उमगते, ना आपल्याला.

कारण आकडा पावसाचा असतो आणि धोका पुराचा असतो. पाऊस आणि पूर यांच्यामध्ये एक वेळ असतो. डोंगरावर पडलेले पाणी ओढ्यातून, नाल्यातून, नदीतून आपल्या मोहल्ल्यापर्यंत यायला जितके तास लागतात, तो हा वेळ. काही नद्यांना तीन तास पुरतात, काहींना दोन-तीन दिवस लागतात. पुराचा अंदाज बांधणारे अभियंते सगळ्यात आधी हाच वेळ शोधतात. आपल्यापर्यंत मात्र तो क्वचितच पोहोचतो. या लेखात आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत. कोकणातल्या आणि कृष्णाकाठच्या कुटुंबांच्या दृष्टीने जीव, घर आणि दुकान वाचणे बऱ्याच अंशी याच तासांवर अवलंबून आहे.

एकाच डोंगरावरचा पाऊस, दोन वेगळे पूर

महाबळेश्वरचे उदाहरण घेऊ. साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीचे हे ठिकाण. इथून सावित्री पश्चिमेला उतरते, पोलादपूर आणि महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. इथूनच कृष्णा पूर्वेला निघते, वाई, कराड, सांगली करत पुढे कर्नाटकात जाते. पाऊस एकाच डोंगरावर पडतो, पण कोणत्या उतारावर पडला त्यावरून त्या पाण्याचे पुढचे सगळे नशीब ठरते.

पश्चिमेचे पाणी काही तासांतच महाडच्या बाजारपेठेत उभे राहते. पूर्वेचे पाणी घाई करत नाही. कराडला कोयना येऊन मिळते, सांगलीजवळ वारणा मिळते, आणि आयर्विन पुलाखाली पाणी फुटा-फुटाने चढत जाते. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ आणि ४३ फूट. सांगली-कोल्हापूरच्या शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ असतात. "आता किती फूट?" हा तिथला पावसाळ्यातला सलामानंतरचा पहिला प्रश्न. असा प्रश्न विचारायला सवड मिळते, कारण त्या नद्या सवड देतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर कित्येक दिवस पाण्यात होते. मस्जिदी, मंदिरे, शाळा, मंगल कार्यालये सगळी उघडली गेली आणि लोक तिथे राहिले. नुकसान प्रचंड झाले. तिथे दुखणे होते ते पाणी किती चढेल याचा अंदाज चुकण्याचे, धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचे याचे, आणि पाणी लवकर न ओसरण्याचे.

कोकणात दुखणे वेगळे आहे. २२ जुलै २०२१ आठवा. आदल्या दिवशी ईद-उल-अजहा झाली होती. घराघरांत पाहुणे होते, कुर्बानीची कामे नुकतीच आटोपली होती. चिपळूणमध्ये पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी गावात शिरले आणि बघता बघता बाजारपेठ, एसटी स्थानक, वस्त्या पाण्याखाली गेल्या. एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि रुग्ण दगावले. महाडमध्ये सावित्री आणि गांधारी एकदमच चढल्या. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली. २२ आणि २३ जुलैच्या दरम्यानच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला.

जोरदार पावसाचे इशारे त्या आठवड्यात होतेच. पण "जिल्ह्यात अतिवृष्टीची शक्यता" हे वाक्य आणि "तुमच्या गल्लीत चार तासांनी पाणी येईल" हे वाक्य यांत जमीन-आसमानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यावर माणूस छत्री घेतो. दुसऱ्यावर तो आजीला वरच्या मजल्यावर नेतो.

हा वेळ ठरतो कशावरून?

नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणजे जिथे पडलेला पाऊस शेवटी त्याच नदीत येतो तेवढा सगळा प्रदेश. आपल्या घराच्या पत्र्याचा विचार करा. पत्र्यावर पडलेले सगळे पाणी एका पन्हाळीत येते. पन्हाळीच्या टोकाला बादली ठेवली तर ती किती वेगाने भरेल हे पत्र्याचा उतार, लांबी आणि आकार यांवर ठरेल. नदीचेही तसेच आहे.

पाणलोटाच्या सगळ्यात दूरच्या कोपऱ्यातले पाणी आपल्या ठिकाणी पोहोचायला जितका वेळ घेते, त्याला अभियंते ‘टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन’ म्हणतात. पावसाचा मुख्य भर आणि नदीची सर्वांत मोठी पातळी यांच्यातले अंतर म्हणजे ‘लॅग टाइम’. नावे वेगळी असली तरी प्रश्न एकच: पाऊस झाल्यावर नदीला जाग यायला किती वेळ लागतो?

पहिली गोष्ट उतार. अमेरिकेत १९४० मध्ये किर्पिच नावाच्या अभियंत्याने टेनेसी राज्यातल्या छोट्या शेतजमिनींच्या पाणलोटांवरून एक सूत्र मांडले. त्यात दोनच गोष्टी लागतात, प्रवाहाची लांबी आणि उतार. ते आजही जगभर वापरले जाते. आपण ते लावून बघू. दहा किलोमीटर लांबीचा एक ओढा घ्या. तो वरून खाली पाचशे मीटर उतरत असेल, म्हणजे सह्याद्रीच्या कड्याजवळचा असेल, तर हे सूत्र सांगते सुमारे सव्वा तास. तेवढ्याच लांबीचा ओढा फक्त दहा मीटर उतरत असेल, म्हणजे सपाट मैदानातला असेल, तर साडेपाच तास. लांबी तीच, पण उतार बदलला की वेळ चौपटीहून जास्त बदलतो. छोट्या पाणलोटांसाठी केलेले हे सूत्र मोठ्या नदीला जसेच्या तसे लावता येत नाही. तरी कोकण आणि देश यांच्यात एवढा फरक का, ते यातून समजते.

दुसरी गोष्ट आकार. पाणलोट लांबट असेल तर जवळचे पाणी आधी निघून जाते, दूरचे मागून येते, आणि पूर पसरट होतो. पाणलोट पंख्यासारखा असेल, म्हणजे चारी बाजूंचे ओढे एकाच जागी मिळत असतील, तर सगळे पाणी एकाच वेळी हजर होते. महाड किंवा चिपळूणसारखी गावे नद्यांच्या संगमाजवळ वसलेली आहेत. जुन्या काळी व्यापारासाठी ती जागा उत्तम होती, कारण खाडीतून गलबते तिथपर्यंत येत. पुराच्या बाबतीत मात्र तीच जागा गळ्याशी येते.

तिसरी गोष्ट जमीन. जूनच्या पहिल्या पावसात माती कोरडी असते, बरेच पाणी पिऊन टाकते. जुलैच्या शेवटी तीच माती तुडुंब झालेली असते. आता पडणारा जवळजवळ प्रत्येक थेंब वाहून जातो आणि लवकर पोहोचतो. म्हणून "गेल्या महिन्यात एवढाच पाऊस झाला होता, तेव्हा काही झाले नाही" हा हिशेब घातक आहे. पाऊस तेवढाच असला तरी जमीन तीच राहिलेली नसते.

चौथी गोष्ट माणसाची करणी. डोंगरावरची झाडे गेली, उतारावर प्लॉट पडले, नाल्यांना काँक्रीटच्या भिंती बांधल्या, की पाण्याला अडवणारे कोणी राहत नाही. मुंबईची मिठी नदी याचे ठळक उदाहरण. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटरची ही नदी. तिचे पाणलोट क्षेत्र जवळजवळ सगळे शहराखाली गेले आहे. पाऊस पडला की तो थेट छपरावरून गटारात आणि गटारातून नदीत जातो. कुर्ल्याच्या क्रांतीनगरसारख्या काठावरच्या वस्तीला त्यामुळे फारच थोडा वेळ मिळतो.

पाचवी गोष्ट खाडी आणि भरती. कोकणातल्या नद्या कड्यावरून धडाधड उतरतात आणि खाली येताच एकदम सपाट होतात. पुढे समुद्राला भरती असेल तर पाण्याला जायला वाट नाही. नदीत गाळ साचला असेल तर आणखी अडचण. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांनी गाळ काढण्यासाठी उपोषण केले, ते यासाठीच. वाशिष्ठीच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवले जाते, ते कोळकेवाडी धरणातून पुढे वाशिष्ठीला येते. पुरात या पाण्याचा वाटा किती, यावर २०२१ नंतर खूप वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. जिथे धरणाचे पाणी नदीत येते तिथे नदीचा नैसर्गिक वेळ एकट्याने पुरत नाही. वरून किती पाणी कधी सोडले जाणार, हे खालच्या माणसाला आधी कळायला हवे.

तेवढेच पाणी, चौपट जोर

इथे थोडा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी झाले. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. पाणलोट शंभर चौरस किलोमीटरचा असेल तर दहा लाख टँकर. हे पाणी २४ तासांत आपल्या दारावरून गेले तर नदी कदाचित पात्रात मावेल. तेच पाणी सहा तासांत आले तर सरासरी प्रवाह चौपट होतो, आणि उरलेले पाणी आपल्या घरातून जाते.

म्हणून फक्त २४ तासांचा आकडा पाहून पुराचा अंदाज येत नाही. हवामान खात्याची रोजची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी असते. दिवसभरात २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर तो सगळ्यात वरच्या वर्गात मोडतो. आता हाच पाऊस दिवसभर संथ पडला की तीन तासांत कोसळला, यावर छोट्या नदीचे सगळे काही अवलंबून आहे. ज्या नदीचा वेळ चार तासांचा आहे तिला चार तासांचा जोरदार पाऊस सगळ्यात जास्त झोंबतो. ज्या नदीचा वेळ दोन दिवसांचा आहे तिला चार तासांच्या सरीने फरक पडत नाही, तिला चार दिवसांची झड लागते. दर नदीची दुखरी नस वेगळी.

शिवाय पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच वेळी कुलाब्याला ७४ मिलिमीटरसुद्धा धड झाला नाही. एकाच शहरात ही तऱ्हा. मग अख्ख्या रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्याला एकच रंग देऊन काय कळणार? एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात खेडची जगबुडी आहे, चिपळूणची वाशिष्ठी आहे, संगमेश्वरकडची शास्त्री आहे, राजापूरची अर्जुना आणि कोदवली आहे. प्रत्येकीचे घड्याळ वेगळे चालते.

अंदाज कसा बांधतात, आणि अडते कुठे?

हा वेळ शोधायच्या ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली नकाशावरची. लांबी, उतार, क्षेत्रफळ मोजायचे आणि सूत्र लावायचे. केंद्रीय जल आयोगाने देशाचे २६ उपविभाग पाडून त्यांच्यासाठी अशी सूत्रे काढली, त्यात कोकण किनाराही आहे. पूल, मोऱ्या बांधताना ती वापरतात. पण ही सरासरी असते. विशिष्ट रात्री नदी सरासरीप्रमाणे वागेलच असे नाही.

दुसरी पद्धत नोंदींची. डोंगरावर दर तासाचा, शक्यतो दर पंधरा मिनिटांचा पाऊस मोजायचा, खाली नदीची पातळी मोजायची, आणि दोन्ही आलेख शेजारी-शेजारी ठेवायचे. पावसाचा भर कधी होता आणि नदी कधी चढली, हे डोळ्यांना दिसते. दहा-वीस पुरांच्या अशा नोंदी असतील तर त्या नदीचा स्वभाव कळतो. कोरड्या जमिनीवर ती किती वेळ घेते, ओल्या जमिनीवर किती, भरती असताना काय होते. ही सगळ्यात भरवशाची पद्धत.

तिसरी संगणकाची. उपग्रहांनी मोजलेली जमिनीची उंची, रडारवर दिसणारा पाऊस, मातीतला ओलावा हे सगळे एकत्र करून पाणी कुठे किती वेळात जाईल ते काढायचे. हवामान खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आशियासाठी अचानक येणाऱ्या पुरांच्या इशाऱ्याची अशी व्यवस्था सुरू केली. ती पाणलोटनिहाय सहा तास आधी धोका आणि २४ तास आधी शक्यता सांगते. मुंबईसाठी ‘आय-फ्लोज’ नावाची वेगळी व्यवस्था जून २०२० मध्ये सुरू झाली. म्हणजे विज्ञान आपल्याकडे आहे.

अडते ते दोन ठिकाणी. एक, संगणकाला खरी नोंद लागते. घाटमाथ्यावर दर तासाची नोंद देणारी पर्जन्यमापके पुरेशी नसतील, तर संगणक अंदाजावर अंदाज बांधतो. कृष्णा आणि भीमा खोऱ्यात पावसाची आणि पातळीची माहिती आपोआप पाठवणारी यंत्रणा जलसंपदा खात्याने बसवली आहे. कोकणातल्या छोट्या नद्यांना ती त्याहूनही दाट लागेल. कारण उघड आहे. ज्या नदीला दोन दिवस लागतात तिथे तासभराचा उशीर चालून जातो. जिला चार तास लागतात तिथे तासभर म्हणजे पाव आयुष्य गेले.

दुसरी अडचण माणसांच्या साखळीची. उदाहरणादाखल समजा, एका नदीचा वेळ चार तासांचा आहे. घाटावर रात्री बाराला ढग फुटल्यासारखा पाऊस सुरू झाला. तो नेहमीपेक्षा वेगळा आहे हे लक्षात यायला एक तास गेला. नोंद वरच्या कार्यालयात जाऊन, खातरजमा होऊन, इशारा तयार व्हायला एक तास. जिल्ह्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून तलाठी, नगरपालिका, पोलीस असे करत मोहल्ल्यापर्यंत यायला आणखी एक तास. पहाटे तीन वाजता आपल्याला कळले आणि चारला पाणी दारात. चारपैकी तीन तास कागदावरच खर्च झाले.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनच्या वॅलेन्सिया भागात असेच झाले. तिथल्या हवामान खात्याने सकाळीच सर्वोच्च इशारा दिला होता. लोकांच्या मोबाईलवर धोक्याची घंटा वाजली रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर एरवी कोरडे असणारे नाले फुटून रस्त्यांवर गाड्या वाहत होत्या. दोनशेहून जास्त माणसे गेली. श्रीमंत देश, उत्तम यंत्रे, आणि तरीही मधले तास हातातून निसटले.

नदीचे तास आणि आपले तास

आता खरा मुद्दा. नदीला किती तास लागतात हा अर्धा प्रश्न झाला. आपल्याला किती तास लागतात, हा उरलेला अर्धा. दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय तयारी होत नाही.

आपल्या घरात बसून हिशेब करा. अंथरुणावर असलेल्या आजोबांना हलवायला किती वेळ? बाळंतीण असेल तर? कागदपत्रे, औषधे, दागिने एका पिशवीत भरायला? दुचाकी-रिक्षा उंचावर न्यायला? कपड्याच्या किंवा किराणाच्या दुकानातला माल वरच्या फळीवर चढवायला? माणसांसाठी अर्धा-पाऊण तास पुरेल, दुकानाला तीन तासही कमी पडतील. म्हणजे जिथे नदी चार तास देते आणि इशारा तीन तासांनी येतो, तिथे दुकानाचा विचार सोडून माणसे आधी, हे आजच ठरवून ठेवले पाहिजे. रात्री तीन वाजता मालाकडे धावायचे की अब्बांना उचलायचे, हा वाद घालायला वेळ नसतो. २०२१ मध्ये अनेकांनी आधी गाड्या आणि माल वाचवायची धडपड केली, आणि जिना चढायची वेळ आली तेव्हा पाणी छातीला लागले होते.

म्हणून आमच्या मते मागणी दोन पातळ्यांवर व्हायला हवी.

सरकारकडे मागायचे ते नेमके मागावे. "पूरनियंत्रण करा" असे मोघम निवेदन देऊन फोटो काढण्यात अर्थ नाही. आपल्या नदीच्या वरच्या अंगाला दर पंधरा मिनिटांनी माहिती देणारी पर्जन्यमापके किती आहेत आणि किती चालू आहेत? त्यांचे आकडे सामान्य माणसाला दिसतील असे जाहीर होतात का? आपल्या नदीचा वेळ किती धरला आहे, तो कोणत्या वर्षांच्या पुरांवरून काढला? वर धरण असेल तर पाणी सोडण्याआधी किती तास सूचना मिळेल? इशारा जिल्ह्याऐवजी नदीनिहाय आणि तासांत का देत नाहीत? हे प्रश्न ग्रामसभेत, नगरपालिकेत विचारता येतात, माहितीच्या अधिकारात लेखी मागता येतात.

पूररेषेबद्दलही तसेच. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर-दुकान रेषेत आले की बांधकामाला अडचण होते, म्हणून लोक चिडतात आणि ते समजण्यासारखे आहे. पण रेषा पुसली म्हणून पाणी वळत नाही. रेषा कशी काढली ते मागून घ्यावे, चूक असेल तर दाखवून द्यावी, बरोबर असेल तर घराचा पहिला मजला आणि जिना तिच्या हिशेबाने बांधावा.

दुसरी पातळी आपली स्वतःची. साखळीतला शेवटचा एक तास, म्हणजे तालुक्यापासून मोहल्ल्यापर्यंतचा, तो आपल्या हातात आहे. इथे मस्जिदीचा ध्वनिक्षेपक फार मोठे काम करू शकतो. रात्री मोबाईल बंद असतो, नेटवर्क जाते, वीज जाते. इन्व्हर्टरवर चालणारा ध्वनिक्षेपक सगळ्या गल्लीला जागे करतो, घर मुसलमानाचे असो की शेजारच्या हिंदू बांधवाचे. काहींना शंका येते की रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतच सार्वजनिक आपत्तीचा अपवाद दिलेला आहे. तरीही पावसाळ्याआधी जमातीने पोलीस ठाणे आणि तहसील कार्यालयाला लेखी पत्र देऊन ठरवून घ्यावे: इशारा कोणाकडून येईल, कोण घोषणा करील, शब्द काय असतील. एक माणूस, एक नंबर, एकच मजकूर. नाहीतर "धरण फुटले" अशी अफवा एका फॉरवर्डने पसरते, लोक सैरावैरा पळतात, आणि पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांशी ओळख ठेवावी. पूर्वी आपल्याकडे हे होतेच. घाटाखालच्या गावातला माणूस सांगावा धाडायचा की वर पाणी वाढले आहे. आज फोन आहे, पण वरच्या गावातल्या कोणाचा नंबर आपल्याकडे आहे? दोन-तीन वाड्यांतले विश्वासू लोक, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, एका गटात असतील तर सरकारी इशाऱ्याच्या आधीही तासभर मिळू शकतो. आखातात असलेली आपली मुलेही रात्री जागी असतात आणि पावसाचे नकाशे बघू शकतात. त्यांनी घाबरवणारे व्हिडिओ पाठवण्याऐवजी हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज पाठवला तर तो कामाचा ठरेल.

आणि शाळा. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हे हक्काने सांगतो. सरळ उभ्या बाजूंचा डबा, आत एक पट्टी, आणि एक वही. एवढ्यावर कोणत्याही शाळेत पर्जन्यमापक तयार होतो. उघड्यावर ठेवायचा, झाड-भिंतीपासून दूर. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी पोरांनी दर तासाला नोंद करायची. गावातल्या पुलाच्या खांबावर ग्रामपंचायतीकडून रंगाने पट्टे मारून घ्यायचे आणि दुरून, सुरक्षित जागेवरून मोठ्यांनी पातळी टिपायची. पोरांना नदीजवळ पाठवायचे नाही. दोन-तीन पावसाळे ही वही नीट लिहिली तर आपल्या ओढ्याला किती वेळ लागतो हे गावाला कळेल. ही वही अभियंत्यांच्या यंत्राची जागा घेणार नाही. पण उर्दू माध्यमाच्या सातवीच्या मुलीने काढलेला आलेख तहसीलदारांसमोर ठेवला, तर निवेदनापेक्षा तो जास्त बोलेल.

सांगलीच्या माणसाला विचारले की तो सांगतो, "कोयनेतून पाणी सोडलंय, उद्यापर्यंत येईल." त्याला आपल्या नदीचा वेळ माहीत आहे. चिपळूण, महाड, खेड, राजापूरच्या प्रत्येक घरात असेच एक वाक्य तयार असले पाहिजे: आमच्या नदीला अमुक तास लागतात, आम्हाला तमुक तास लागतात, आणि इशारा आला की पहिले काम हे. आपल्या घरात हे वाक्य अजून नसेल, तर येत्या जुम्याला नमाजनंतर जमातीत आणि घरी जेवताना दस्तरखानावर ते तयार करून घ्यावे.